लेहला निघालेल्या हिमालयनवर काय चढवायचं, काय नाही

खानापूरच्या एका तरुणाने विचारलंय: "काका, माझ्याकडे २०२१ ची रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ आहे. जूनअखेरीला बेळगावहून निघून मनालीमार्गे लेह आणि परतताना कारगिल-श्रीनगर असं ठरवलंय. मागे बायको असणार. साठ हजार बाजूला काढून ठेवलेत. यादीत फ्री-फ्लो सायलेन्सर, स्पोर्ट्स एअर फिल्टर, ॲल्युमिनियमच्या तीन पेट्या, चार एलईडी लाइट, हँडल रायझर आणि मागे रुंद ऑफ-रोड टायर आहे. यातलं काय करू?"

बाळा, यादी नीट वाचली. त्यात गाडीवर वजन चढवणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत, ते वजन पेलणारी मात्र एकही नाही. म्हणून तुझ्या यादीत नसलेल्या गोष्टी आधी सांगतो आणि तुझी यादी नंतर घेतो. बेळगावच्या उद्यमबागेत बरीच वर्षं लांब पल्ल्याच्या गाड्या करतोय. परत आलेल्या गाड्या उघडल्या की दर वेळी हेच दिसतं, की दोघं बसलेल्या गाडीचं नुकसान इंजिनात कमी आणि मागच्या चाकापासून कॅरियरपर्यंतच्या पट्ट्यात जास्त होतं.

आधी हिशेब मांड. तुझी गाडी पेट्रोलसकट १९९ किलो. तुम्ही दोघं हेल्मेट-जॅकेट-बुटांसह दीडशेच्या आसपास. तीन ॲल्युमिनियमच्या पेट्या त्यांच्या फ्रेमसह रिकाम्याच वीस-पंचवीस किलो होतात. त्यात कपडे, हत्यारं, ट्यूब, पाणी, औषधं आणि वरचं पेट्रोल धर. हे सगळं ओढणार कोण, तर २४ बीएचपीचं इंजिन. गाडीच्या पुस्तकात जास्तीत जास्त भार किती ते लिहिलेलं असतं. तो आकडा काढ, काट्यावर स्वतःला, बायकोला आणि सामानाला मोज आणि बेरीज कर. दहातल्या आठ गाड्यांची बेरीज तिथेच हाताबाहेर गेलेली असते. तुझीही गेली, तर पहिला बदल सामानात करायचा. त्याला खर्च नाही.

आता रस्ता. सगळा फेरा सहा हजार किलोमीटरच्या आसपास भरेल. त्यातला खरोखर खराब रस्ता काहीशे किलोमीटरचा. बाकी सगळं डांबर आणि काँक्रीट, तेही बरंचसं उन्हात आणि पावसात. गाडी त्या मोठ्या भागासाठी तयार करायची आणि खराब भागात ती मोडणार नाही एवढं बघायचं.

पैसे पहिल्यांदा मागच्या शॉकअपवर खर्च कर. हिमालयनचा मागचा मोनोशॉक सोलो माणसाला चांगला आहे. पण मागे माणूस आणि त्याच्याही मागे सामान आलं की तो अर्धा आधीच दबून बसतो, मग खड्ड्यासाठी हालचाल उरत नाही. घरच्या घरी मोजता येतं. गाडी मधल्या स्टँडवर घे, मागचं चाक अधांतरी राहू दे. ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर कॅरियरवर चिकटपट्टी लावून खूण कर आणि टेपने ते अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घे. मग गाडी खाली घे, सगळं सामान बांध, दोघंही पूर्ण पोशाखात बसा, पाय फूटरेस्टवर. तिसऱ्या माणसाने पुढून गाडी धरायची, चौथ्याने त्याच दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. मागच्या चाकाची एकूण हालचाल १८० मिलिमीटर आहे. दोन मापांतला फरक साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ५५ ते ६० मिलिमीटर यायला हवा. ७५-८० आला तर शॉकअपवरची रिंग सी-पान्याने फिरवून स्प्रिंग घट्ट कर आणि पुन्हा मोज. रिंग शेवटपर्यंत नेऊनही फरक साठीत येत नसेल तर ती स्प्रिंग तुमच्या वजनासाठी मऊ आहे. तिच्या जागी जास्त ताकदीची स्प्रिंग किंवा चांगला शॉकअप बसवणं हा तुझ्या साठ हजारांतला सगळ्यात योग्य खर्च. सायलेन्सरचे पैसे इकडे वळव.

हे केलं नाही तर काय होतं ते हायवेवर लगेच कळतं. निपाणीकडे जाताना ऐंशी-नव्वदच्या वेगात हँडल हलकं लागतं, मागून गाडी डोलल्यासारखी होते आणि रात्री हेडलाइटचा झोत झाडाच्या शेंड्यावर पडतो. लोक मग लाइट वाढवतात. मूळ लाइट जागेवरच असतो, गाडीचं नाक वर गेलेलं असतं. मागची उंची जागेवर आणली की अर्ध्या तक्रारी त्यातच मिटतात.

पुढच्या फोर्कला विसरू नकोस. २०२१ पासून त्यातलं ऑइल बदललं नसेल, तर ते आता काळं पाणी झालेलं असणार. ऑइल आणि सील बदल. त्याच वेळी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंगं, उघडून बघ. पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवलं आणि मध्यभागी ते खाचेत बसल्यासारखं अडलं, तर बेअरिंगच्या रेसवर खड्डे पडलेत. ग्रीस भरून ते बरे होत नाहीत, सेटच बदलावा लागतो. स्विंगआर्म आणि शॉकअपखालच्या लिंकेजची बेअरिंगंही खोलून, पुसून नवीन ग्रीस भर. खानापूर-जांबोटीकडच्या गाड्यांत हे जास्त लागतं. तिकडचा पाऊस आणि वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप मिळून आतलं ग्रीस धुऊन काढतात, वरून गाडी चकाचक दिसत राहते.

चाकाचे आरे तपासायला पैसे लागत नाहीत. चाक अधांतरी ठेवून छोट्या पान्याने एकेका आऱ्यावर हलकं वाजव. ताणलेला आरा खणखणीत वाजतो, सैल असलेला बद्द. मागच्या चाकात बद्द आवाजाचे दोन-चार आरे शेजारी शेजारी सापडले तर तो रिम जुन्या, अनुभवी माणसाकडून सरळ करून घे. दोघांच्या वजनाखाली पहिला आरा तुटला की शेजारचे त्याचा भार घेतात आणि मागोमाग तुटायला लागतात.

आता कॅरियर आणि पेट्या. फॅब्रिकेशनला आपलं गाव चांगलं आहे. इथे फाउंड्री आहेत, लेथ आहेत, पाइप वाकवणारे आहेत. त्यामुळे बहुतेकांना वाटतं, जाड पाइप घेऊन दणकट कॅरियर मारलं की झालं. पाइपची जाडी दुसऱ्या नंबरला येते. कॅरियर चासीला वेल्ड करायचं नाही, हा पहिला नियम. चासीच्या नळीला उष्णता दिली की वेल्डच्या कडेची धातू बदलते आणि चीर नेमकी तिथूनच सुरू होते. मूळ बोल्टाच्या भोकांवर आणि रबर लावलेल्या क्लॅम्पवरच बसव. डाव्या आणि उजव्या बाजूच्या फ्रेमना नंबर प्लेटच्या मागून एक आडवी पट्टी देऊन जोड, म्हणजे खड्ड्यात दोन्ही पेट्या वेगवेगळ्या झुलणार नाहीत. तिरका आधार हवाच. चौकोनी सांगाडा हलतो, त्रिकोणी हलत नाही. गाडीवर असताना कुठलंही इलेक्ट्रिक वेल्डिंग करायचंच असेल, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढून ठेवायला वेल्डरला सांग आणि तिथेच उभा राहा.

बोल्ट हाय टेन्साइल घे. डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं. काहीच आकडा नसलेले साधे बोल्ट या कामाला नकोत. बसवताना निळं लॉकटाइट लाव आणि घट्ट झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढ. रोज सकाळी गाडीभोवती एक चक्कर मारली की कुठली रेघ तुटलीय ते लगेच दिसतं, पाना लावून बघत बसावं लागत नाही.

फाउंड्रीवाल्यांची एक जुनी रीत तुला सांगतो, कॅरियरला उपयोगी आहे. चाचणी फेरीवरून आल्यावर प्रत्येक वेल्डचा सांधा कापडाने पुसून त्यावर रॉकेल किंवा डिझेल लाव. पंधरा-वीस मिनिटं थांब, मग कोरडं पुसून वर खडूची पूड भुरभुरव. आत केसाएवढी चीर असेल तर तिच्यात शिरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर बारीक काळपट रेघ उमटते. डोळ्यांना आधी दिसत नसलेली चीर मी या रीतीने कितीतरी कॅरियरवर बघितलीय. अशी रेघ दिसली की त्यावर पुन्हा वेल्डचा थर चढवायचा नाही. तो भाग कापून नवीन बसवायचा आणि तिथे ताण का आला ते शोधायचं. बहुतेक वेळा एखादा तिरका आधार कमी असतो.

तीन पेट्यांतली वरची पेटी मात्र मला मान्य नाही. तू शेताकडचा माणूस आहेस. बैलगाडीत मागे माल जास्त झाला की ती उलाळ होते आणि जू वर उचलतं. ॲक्सलच्या मागे लटकणारी पेटी मोटरसायकललाही तेच करते, पुढचं चाक हलकं होतं. वरच्या पेटीत रेनकोट, जॅकेट असलं हलकंच ठेव, किंवा ती सोडूनच दे आणि तिच्या जागी एक वॉटरप्रूफ पिशवी आडवी बांध. ॲल्युमिनियमऐवजी जाड कापडाच्या सॅडल बॅग घेतल्यास तर पंधराएक किलो तिथेच वाचतील. गाडी आडवी पडली तर बॅग दबते. टणक पेटीचा दणका सरळ कॅरियरच्या बोल्टांवर जातो, शिवाय वाळूत पाय टेकताना तुझी पोटरी पेटीखाली सापडू शकते. कुलूप लागतं ही पेटीची खरी सोय आहे, ती मी नाकारत नाही. पण दोघं जाणार असाल तर एक जण गाडीजवळ थांबतोच.

जड सामान खाली आणि पुढे. हिमालयनला टाकीच्या दोन्ही बाजूंना मूळचीच लोखंडी चौकट आहे. हत्यारं, ट्यूब आणि पेट्रोलचा डबा तिथे जायला हवा. त्यामुळे पुढच्या चाकावर थोडं वजन येतं, जे दोघं बसल्यावर कमी झालेलं असतं. हँडल पूर्ण वळवून ते आणि तुझे पाय कुठे अडत नाहीत ना, ते बघून घे.

पेट्रोलचं म्हणशील तर मनालीच्या पुढे तांडीच्या पंपावर पाटीच आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तुझी टाकी १५ लिटरची. सपाटीवर एवढ्यात आरामात जाशील, पण दोघं, सामान, चढ आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला प्रवास यात मायलेज खाली येतं. पाच लिटरचा धातूचा, पेट्रोलसाठीच केलेला डबा घे. तांडीपर्यंत तो रिकामाच ने. तिथे भरताना गळ्यापर्यंत भरू नकोस, वर हवेला जागा ठेव. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि आतला जोर करतो, म्हणून झाकण उघडतानाही हळू.

टायरबद्दल तुझं ठरलेलं मोड. हिमालयनचा मागचा मूळ टायर १२०/९०-१७, पुढचा ९०/९०-२१. त्या रिमवर रुंद टायर चढवला तर तो कडेने आवळला जातो आणि मधोमध फुगतो. चेन आणि स्विंगआर्मजवळची जागा कमी होते, वजन वाढतं, पकड वाढत नाही. मोठ्या गोट्यांचा ऑफ-रोड टायर तर डांबरावरच झिजून जाईल आणि खऱ्या गरजेच्या ठिकाणी पोचेपर्यंत अर्धा राहील. मूळ मापाचा, डांबर-माती दोन्हीला चालणारा नवीन टायर दोन्हीकडे घाल आणि निघण्याआधी त्यावर चारपाचशे किलोमीटर फिर.

तुझ्या गाडीत ट्यूब आहे, म्हणून पंक्चर स्वतः काढता आलंच पाहिजे. ते कारागिराकडे बघून येत नाही. घरच्या अंगणात दोन्ही चाकं स्वतः खोल, टायर रिमच्या कडेवरून उतरव, ट्यूब बदल, परत चढव. पहिल्यांदा घाम फुटेल. लिव्हर लावताना समोरच्या बाजूची कड पायाने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली की दुसऱ्या बाजूने टायर सैल होतो आणि अर्धा जोर वाचतो. हे एकदा हाताला कळलं की मग भीती नाही. दोन्ही मापांच्या ट्यूब घे. जागा एकाचीच असेल तर २१ इंची घे. अडचणीत ती मागच्या चाकात दुमडून भरून जवळच्या गावापर्यंत नेते. उलटं जमत नाही.

हवेच्या दाबाचं एक लक्षात ठेव. बेळगावात भरलेली हवा लेहच्या वाटेवरच्या तंगलांग ला या खिंडीवर ५,३०० मीटरच्या पुढे जाते. तिथे बाहेरचा दाब आपल्याकडच्यापेक्षा इतका कमी असतो, की आतली हवा तेवढीच असूनही गेज पाच-सहा पीएसआय जास्त दाखवतो. पहाटेची कडाक्याची थंडी त्यातले तीन-चार परत खाते. म्हणून अंदाजाने हवा सोडू नकोस आणि भरूही नकोस. खिशात गेज ठेव, रोज सकाळी टायर थंड असताना मोज आणि दोघांच्या भाराचा जो आकडा पुस्तकात आहे त्यावर आण.

आता तुझ्या यादीतलं इंजिन. सायलेन्सर आणि फिल्टर, दोन्हींना माझा स्पष्ट नकार आहे. खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा होतो, तशी इंजिनची ताकदही निम्म्याजवळ येते. फ्यूल इंजेक्शन हवेच्या हिशेबाने पेट्रोल कमी करून घेतं, पण नसलेली हवा कुठला सायलेन्सर आणून देणार? उलट हवेची वाट बदलली की कंपनीने बसवलेलं पेट्रोलचं गणित पूर्ण थ्रॉटलला चुकतं, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. स्पोर्ट्स फिल्टर जास्त हवा देतो तशी जास्त धूळही देतो. लेहच्या अलीकडच्या मोरे मैदानाच्या धुळीत ती धूळ पिस्टन रिंगला घासते. मूळ कागदी फिल्टर नवीन घाल आणि एक जादा बरोबर ठेव. आवाजाचंही बघ. दिवसाचे आठ-नऊ तास तो आवाज तुझ्या बायकोच्या कानात जाणार आहे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. कलम १८२-ए मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे. आपल्या केए-२२ पासिंगची गाडी परराज्यात आवाज करत गेली की ती आधी थांबवली जाते. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी पुढे येतो तो वेगळा. बोल्टने बसवून बोल्टने काढता येईल असंच सगळं ठेव आणि जे लावशील ते विमा कंपनीला लेखी कळव.

इंजिनात करायचं ते एवढंच: ऑइल आणि फिल्टर नवीन, टॅपेट सेट, प्लग नवीन, क्लच केबल नवीन. जुनी केबल चांगली असेल तर फेकू नकोस. नव्या केबलच्या शेजारून तीच वाट धरून घाल, दोन्ही टोकांना पिशवी बांधून टेप मार. बारालाचा खिंडीच्या अलीकडे केबल तुटली तर टाकी न काढता दहा मिनिटांत जोडता येते. बर्फ वितळून येणारे नाले दुपारी फुगतात, सकाळी कमी असतात. ते ओलांडताना दोघांच्या वजनात क्लच जळायला वेळ लागत नाही. अशा जागी बायकोला उतरव, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला.

चेन सेट अर्ध्यावर आला असेल तर नवीन घाल. चेनचा ढिलेपणा गाडीवर सामान बांधून, माणसं बसवून तपास. शॉकअप दबून स्विंगआर्म सरळ रेषेत आला की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. मोकळ्या गाडीवर कसून बसवलेली चेन त्या वेळी गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ देते. ब्रेक ऑइल डीओटी ४, नवीन. ते हवेतलं पाणी शोषून घेतं आणि लांब उतारावर उकळून ब्रेक मऊ पडतो. पॅडही नवेच.

लाइट दोन पुरेत, पिवळ्या उजेडाचे. तुझ्या गाडीची बॅटरी ८ अँपिअर अवरची आहे आणि चार्जिंगही मोजकंच. चार लाइट, मोबाइल, इंटरकॉम सगळं एकदम चाललं की हळूहळू चालताना बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होते. तपासायला सोपं आहे. सगळं चालू करून इंजिन ३,००० आरपीएमला ठेव आणि बॅटरीच्या टोकांवर मल्टीमीटर लाव. साडेतेराच्या वर असेल तर ठीक. तेराच्या खाली घसरत असेल तर एक लाइट कमी कर. हेडलाइटच्या वायरला टॅप मारून लाइट देणाऱ्याकडे जाऊ नकोस. बॅटरीपासून वेगळी फ्यूज लावलेली वायर, मध्ये रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), हँडलवरच्या स्विचला फक्त रिलेचा करंट, असंच करून घे. वायरचे सांधे चांगल्या क्रिम्पने दाबून वर हीट श्रिंक चढव. झाळलेला सांधा कडक होतो आणि कंपनाने त्याच्या कडेला वायर मोडते. काम झालं की लाइट चालू ठेवून हँडल डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत फिरव. एकदाही लुकलुकलं तर वायर कुठेतरी ताणली जातेय. हँडल रायझर लावणार असशील तर हीच परीक्षा ब्रेकच्या पाइपला आणि केबलींना लागू आहे. एक इंचाच्या वर जाऊ नकोस.

दोन किरकोळ कामं इथल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे होतील. साइड स्टँडच्या पायाला तळहाताएवढी तीन मिलिमीटरची पट्टी वेल्ड करून घे, म्हणजे वाळूत रुतणार नाही. वेल्डिंगला स्टँड काढूनच दे. आणि भार चढल्यावर गाडी स्टँडवर जास्तच सरळ उभी राहते का ते बघ, उतारावर ती उजवीकडे पडू शकते. दुसरं काम सीटचं. चांगल्या कुशनवाल्याकडून मागच्या भागात घट्ट फोम घालून घे. बायकोला प्रत्यक्ष बसवून माप घे, तिच्या गुडघ्यांना जागा पुरते का ते विचार. मागच्या माणसाला दुखायला लागलं की तो सारखा हलतो आणि त्याचं हलणं तुझ्या हँडलला जाणवतं.

सुट्टी कमी असेल तर आणखी एक पर्याय आहे. गोवा एक्स्प्रेस बेळगावहून थेट निझामुद्दीनला जाते. गाडी पार्सलने पाठवायची, टाकी रिकामी करून. टायर आणि कंबर दोन्हींचे दोन हजार किलोमीटर वाचतात.

काम निघण्याच्या एक महिना आधी संपव. शेवटच्या आठवड्यात बसवलेल्या वस्तूचा दोष रस्त्यावरच कळतो, आणि तिथे कोल्हापूरहून एस.टी.ने पार्ट मागवता येत नाही. मग पूर्ण सामान बांधून, दोघं बसून दोन फेऱ्या कर. पहिली जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट आणि परत. तिथला पाऊस तुझ्या बॅगा, कनेक्टर आणि रेनकोट एका दुपारीत तपासून देईल. उतारावर इंजिनच्या जोरावर उतर आणि ब्रेक किती तापतात ते बघ. दुसरी फेरी उलट दिशेला, बैलहोंगल-गोकाककडे, शेतातल्या काळ्या मातीच्या रस्त्याने, पाऊस पडून गेल्यावर. ती माती टायरला आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला थरावर थर धरते. तिथे मडगार्ड आणि टायरमधलं अंतर पुरतं का, भारासकट गाडी पडली तर दोघांना उचलता येते का, हे कळेल. गाडी उचलायचा सराव मुद्दाम कर. सामान न सोडता उचलता आली नाही तर सामान अजून जास्त आहे.

फेरीवरून आल्यावर गाडी धुऊ नकोस. चिखल-धुळीसकट ती उजेडात उभी कर आणि हळू बघत जा. धुळीवर जिथे ओला डाग आहे तिथे ऑइल गळतंय. जिथे रंग घासून चकचकीत झालाय तिथे वायर किंवा बॅग घासतेय. पेंट मार्करच्या रेघा बघ, कॅरियरच्या सांध्यांना खडूची पूड लाव, आरे पुन्हा वाजवून बघ. जे सापडेल ते कागदावर लिहून माझ्याकडे किंवा तुझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे गाडी तशीच घेऊन ये. त्या कागदावरची कामं झाली की धू, चेनला तेल दे आणि सामान त्याच जागी, त्याच क्रमाने परत बांध.